प्लांट म्हणजे रोप की कारखाना?

वाचकहो, पश्चिम रेल्वेने बोईसरला उतरावे आणि समुद्राच्या अंगाने तारापूर, नवापूर, दांडी या गावांकडे निघावे. वाटेत दहा माणसे भेटली तर त्यांतल्या पाच-सहांच्या तोंडी एक शब्द हमखास येईल. "धाकटा प्लांटात लागला." "प्लांटाची बस गेली का?" "प्लांटाच्या पाण्याने खाडी बिघडली." आणि त्याच वाटेवरचा एखादा वाडीवाला टेम्पोतून चिकूची कलमे उतरवून घेताना हाक देईल, "अरे, ते प्लांट सावलीत ठेवा रे, उन्हात मरतील!"

शब्द एकच. पण एक प्लांट उन्हात मरतो आणि दुसऱ्याचे धुराडे अर्ध्या तालुक्यातून दिसते. साहेबाच्या भाषेत रोपाला आणि कारखान्याला एकच नाव कसे पडले? प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याचे उत्तर शोधत गेले की शेत, समुद्र, कोर्ट आणि सरकारी कागद अशा सगळ्या ठिकाणी फिरून यावे लागते. आणि शेवटी तो शब्द आपल्याच सातबाऱ्यापाशी येऊन उभा राहतो.

आधी एक गोष्ट कबूल करू. एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही काही इंग्रजीची मिरास नाही. आपल्या दांडीचेच बघा ना. दांडी हे गाव. मालवणलाही दांडी आहे, आणि नवसारीजवळच्या दांडीला तर ६ एप्रिल १९३० रोजी महात्माजींनी मूठभर मीठ उचलले. शिवाय कपडे वाळत घालायची दांडी, तराजूची दांडी, चष्म्याची दांडी. पोराने शाळा चुकवली की त्याने दांडी मारली, आणि क्रिकेटमध्ये गडी बाद झाला की त्याची दांडी गुल! परक्या माणसाने हे सगळे ऐकले तर तो डोके धरून बसेल. आपण बसत नाही, कारण कुठली दांडी कुठे लागते हे आपल्याला आईच्या कडेवर असल्यापासून ठाऊक असते. इंग्रजी शब्दाची मात्र अशी बाळओळख नसते. तो आपल्याकडे एकदम नोकरीचा, नोटिशीचा किंवा कर्जाच्या अर्जाचा शब्द म्हणून येतो. म्हणून त्याचे कूळ विचारून घेणे बरे.

'प्लांट'चे कूळ लॅटिन भाषेत आहे. मूळ शब्द 'प्लांटा'. लॅटिनमध्ये या प्लांटाचे दोन अर्थ होते. एक, लावण्यासाठी घेतलेला कोंब किंवा फांदी. आणि दुसरा, ऐकून नवल वाटेल, तळपाय. कोंबाचा आणि तळपायाचा काय संबंध? भाषेच्या जाणकारांपैकी अनेकांनी त्याचा उलगडा असा केला आहे की, रोप खड्ड्यात ठेवायचे, माती लोटायची आणि तळपायाने दाबून घट्ट करायची, या कृतीवरून रोप लावण्याचे क्रियापद झाले, आणि त्यावरून रोपाला नाव मिळाले. हे पटायला पंडित असावे लागत नाही. नारळाचे किंवा चिकूचे रोप लावणाऱ्या कुणालाही बघा, शेवटी टाच देऊन माती दाबल्याशिवाय तो तिथून हलत नाही. माती पोकळ राहिली तर मुळाला हवा लागते आणि रोप धरत नाही. जे आपली म्हातारी माणसे न शिकता करतात, ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतकऱ्याच्या शब्दात गोठून राहिले आहे.

तळपायाचा अर्थ आजही मेलेला नाही. डॉक्टर तळव्याच्या दुखण्याला 'प्लांटर' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तर 'प्लांटा' म्हणजे रोपही आणि तळपायही, दोन्ही अर्थ जिवंत आहेत. हे पोर्तुगीज आपल्याला परके नव्हेत. १७३९ साली मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत तारापूरचा किल्ला त्यांच्याच ताब्यात होता. म्हणजे ज्या किनाऱ्यावर आज सकाळ-संध्याकाळ 'प्लांट' ऐकू येतो, तिथे या शब्दाचा चुलतभाऊ इंग्रजांच्याही आधी येऊन गेलेला! आणखी मागे गेले तर तळपायाच्या या शब्दाचे नाते सपाट, पसरट या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडले जाते. आपल्या संस्कृतातले 'पृथु' म्हणजे रुंद, आणि 'पृथ्वी' म्हणजे पसरलेली, हे शब्द त्याच घराण्यातले मानतात.

इंग्रजीत हा शब्द हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गेला, तो 'रोप' याच अर्थाने. रोप म्हणजे लावायचे ते, उगवून आलेले कुठलेही झाड नव्हे. आपण राबात भात पेरतो, आवण काढतो, मुठी बांधतो आणि चिखलात लावणी करतो. त्यातली हातातली मूठ हा खरा प्लांट. सगळ्याच वनस्पतींना सरसकट प्लांट म्हणण्याची रीत फार नंतरची. लावणीला कृषी खात्याची मंडळी 'ट्रान्सप्लांट' म्हणतात, आणि इस्पितळात मूत्रपिंड एका माणसाचे काढून दुसऱ्याला बसवतात त्यालाही तोच शब्द. आपल्याकडेही त्याला 'प्रत्यारोपण' म्हणतात, त्यातही रोपच आहे. तेव्हा चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईचा आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा धंदा, निदान शब्दापुरता, एकच!

हाच 'प्लांटा' आयर्लंडच्या भाषेत गेला तेव्हा आणखी गंमत झाली. त्या लोकांच्या जुन्या भाषेत 'प' नव्हता. त्यांनी 'प'च्या जागी 'क' घातला आणि शब्द झाला 'क्लँड', पुढे 'क्लॅन'. अर्थ मुलेबाळे, घराणे, कूळ. म्हणजे लावलेल्या कोंबापासून वाढलेली माणसे. आपण हसू नये, कारण आपला 'वंश' म्हणजे तरी काय? संस्कृतात वंश म्हणजे वेळू, बांबू. पेरावर पेर चढत जाणारे बेट बघून कुणाला तरी आजा-पणजा आठवले असतील.

आता कारखान्याकडे वळू. रोप लावणे म्हणजे एखादी वस्तू जमिनीत घट्ट रोवणे. मग इंग्रज तोफही 'प्लांट' करू लागला, निशाणही 'प्लांट' करू लागला. आणि एक दिवस तो माणसेही 'प्लांट' करू लागला. १६०९ पासून आयर्लंडच्या अल्स्टर भागात तिथल्या रहिवाशांच्या जमिनी काढून घेऊन इंग्लंड-स्कॉटलंडमधली कुटुंबे वसवली गेली. त्या साऱ्या कारभाराचे नाव 'प्लांटेशन'. आज हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे चहाचे मळे येतात, पण तेव्हा ती माणसांची लावणी होती, आणि आधीच्या माणसांची उपटणी. पुढे अमेरिकेत ऊस-कापसाच्या मोठ्या इस्टेटी झाल्या, तिथे गुलाम राबले, त्यांनाही प्लांटेशनच म्हटले गेले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्रे आली. उद्योगासाठी एका जागी रोवून बसवलेली यंत्रे, भट्ट्या, अवजारे या सगळ्या सरंजामाला मिळून 'प्लांट' म्हणू लागले. रोवलेले ते प्लांट, मग त्याला पाने असोत की चाके. हळूहळू यंत्रांवरून शब्द सगळ्या कारखान्यालाच लागला. आपल्याकडे तो तसाच उतरला. दुधाचा प्लांट, बर्फाचा प्लांट आणि गोठ्यामागचा गोबरगॅसचा प्लांट. हा शेवटचा मला फार आवडतो. शेणावर चालणारा प्लांट आणि त्याची मळी खाऊन वाढणारा प्लांट एकाच परसात!

पण 'रोवलेले' ही अट तरी टिकली का? तीही टिकली नाही, आणि ती मोडली एका घोड्याने. ही हकीगत १८८७ सालची, इंग्लंडच्या कोर्टातली आहे. एका धक्क्यावर माल उतरवून घेणाऱ्या मालकाकडे एक गाडीवान कामाला होता. त्याच्या गाडीला जुंपलेला घोडा खोडकर, लाथा झाडणारा. गाडीवानाने मुकादमाला पुन्हा पुन्हा सांगितले की हे जनावर कामाचे नाही. मुकादम म्हणाला, तू आपली गाडी हाक. एक दिवस घोड्याने लाथ मारली आणि गाडीवानाचा पाय मोडला. भरपाई मागायची तर १८८० च्या कायद्यात लिहिलेले होते की, मालकाच्या 'प्लांट'मध्ये दोष असेल आणि त्याने कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार. आता प्रश्न उभा राहिला की घोडा हा प्लांट होतो काय?

न्यायमूर्ती लिंडले यांनी सांगितले, होतो. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा की, विकण्यासाठी आणलेला माल सोडून, धंदा चालवायला मालक जे जे कायम बाळगतो, ते हलणारे असो की न हलणारे, जिवंत असो की निर्जीव, ते सगळे प्लांट. आणि घोड्याला असलेली लाथ मारण्याची खोड हा त्या प्लांटमधला दोष. खटल्याचे नाव यार्मथ विरुद्ध फ्रान्स. वकील मंडळी तो अजून सांगतात. शिवाय त्याच निकालात असेही म्हटले गेले की, धोका माहीत असून गाडीवान कामावर येत राहिला एवढ्यावरून त्याने धोका पत्करला असे धरता येणार नाही. पोटासाठी येत राहणे वेगळे आणि राजीखुशी वेगळी. त्याला खटला नव्याने चालवण्याची संधी मिळाली. एका शब्दाचा अर्थ कुठवर ताणायचा, यावर एका मोडक्या पायाची भरपाई लटकली होती.

या हिशेबाने आपला बैलही प्लांट झाला असता. पण आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली व्याख्या आणखी निराळी होती. त्या व्याख्येत जहाज हे प्लांट, वाहन हे प्लांट, धंद्यासाठी लागणारी पुस्तकेसुद्धा प्लांट. पुढे तिच्यात भर घालून स्पष्ट केले गेले की गुरेढोरे आणि चहाची झुडपे मात्र प्लांट नव्हेत. म्हणजे वकिलाच्या कपाटातले जाडजूड पुस्तक प्लांट, आणि मातीत मूळ धरून उभे असलेले चहाचे झुडूप प्लांट नाही! कायदे करणाऱ्यांचे यात चुकले असे नाही. घसारा कशावर द्यायचा आणि कशावर नाही, हे त्यांना ठरवायचे होते. पण शब्द आपल्या माहेरापासून किती दूर जाऊ शकतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. देशातले हे पहिलेच. त्याचे सरकारी इंग्रजी नाव 'प्लांट' नव्हे, 'स्टेशन' आहे. पण आपल्याकडे स्टेशन म्हणजे बोईसरचे, जिथे गाडी थांबते ते. त्यामुळे गावोगाव प्लांटच रूढ झाले. सुरुवातीचे दोन संच प्रत्येकी २१० मेगावॅटचे म्हणून बांधले होते, पुढे त्यांची क्षमता १६० वर आणली गेली. समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी हाताशी आणि वीज मुंबई-गुजरात दोन्हीकडे न्यायला सोयीची, ही जागा निवडण्याची कारणे. मग २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच सुरू झाले. या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

इंग्रजीत 'प्लांट'चीच एक लेक आहे, 'सप्लांट'. तिचा मूळ लॅटिन अर्थ, तळपायाखाली पाय घालून एखाद्याला पाडणे. कुस्तीतली टांगच म्हणा ना. आजचा अर्थ, एकाला हटवून त्याच्या जागी दुसऱ्याने बसणे. प्लांट आला आणि गाव उठले, हे सांगायला इंग्रजीत इतका जवळचा शब्द आधीपासून तयार असावा याचे मला राहून राहून नवल वाटते. विजेचा दिवा आपल्या सगळ्यांच्याच घरात लागतो, त्यात पोफरणच्या माणसाचे अंगण आहे.

दांडी-नवापूरच्या मच्छीमारांच्या तोंडी जो प्लांट असतो तो बहुतेक वेळा निराळा, 'ट्रीटमेंट प्लांट'. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी शुद्ध करून समुद्रात सोडायचे, त्यासाठीचे केंद्र. हे पाणी पुरते शुद्ध न होताच खाडीत आणि समुद्रात जाते, मासळी कमी झाली, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. ट्रीटमेंट म्हणजे औषधोपचार हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे प्लांट आहे म्हणजे पाणी बरे झाले असा समज सहज होतो. पण इस्पितळ बांधले म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे. प्लांट किती पाण्यासाठी बांधला आणि त्यात किती पाणी येते, हे दोन आकडे विचारल्याशिवाय त्या शब्दाला काही वजन नाही.

चोरांनीही हा शब्द सोडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले चोर पुरून ठेवलेल्या चोरीच्या मालाला 'प्लांट' म्हणत. तिथून पुढे, दुसऱ्याच्या घरात गुपचूप वस्तू ठेवून त्याला अडकवणे म्हणजे पुरावा 'प्लांट' करणे. बातम्यांत हा अर्थ हल्ली मराठीतही डोकावतो. आपण म्हणाल, रोपासारख्या भल्या शब्दाची काय ही दशा! पण आपल्या घरात डोकावून बघा. 'रोप' हा शब्द संस्कृत 'रुह्' धातूवरून आला, उगवणे, वर चढणे या अर्थाचा. त्याच धातूवरून 'आरोप'. एखाद्यावर नेऊन लावलेला तो आरोप. आणि 'कलम'? झाडाचे कलम, लिहायचे कलम आणि कायद्याचे कलम. माळी आंब्याला कलम लावतो आणि फौजदार माणसाला. रोपवाटिका आणि पोलीसठाणे यांच्यात मराठीनेही फारसे अंतर ठेवलेले नाही.

असो. गंमत पुष्कळ झाली. आता हा शब्द तुमच्या हातात कागदावरून येतो तेव्हा काय होते ते सांगतो, कारण तिथे हसून चालत नाही.

उद्योगासाठी कर्ज किंवा अनुदान मागायला गेलात, तर अर्जात 'प्लांट अँड मशिनरी' असा रकाना असतो. तिथे वाडीत किती झाडे आहेत हे लिहायचे नसते. चिकूच्या चकत्या वाळवायचे यंत्र, गिरणी, शीतपेटी, त्यांची किंमत लिहायची. उद्योग सूक्ष्म, लघू की मध्यम, हे ठरवतानाही २००६ च्या कायद्याने हीच रक्कम मोजली आणि २०२० पासून तिच्या जोडीला उलाढालही धरली जाऊ लागली. याउलट २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, त्याच्या इंग्रजी नावातला 'प्लांट' म्हणजे अस्सल पीक. या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतात आलेले बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात भरून विकता येत नाही. कुणी कंपनीचे नाव सांगून "घरचे बी ठेवलेत तर गुन्हा होईल" म्हणून दटावले, तर या कायद्याचे एकोणचाळीसावे कलम दाखवा.

आणि सर्वात महत्त्वाचा कागद जमीन संपादनाचा. पालघर जिल्ह्यात रेल्वे, महामार्ग, बंदर अशी कामे एकामागून एक आली, त्यामुळे हा कागद अनेक घरांत पोचला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीशी जोडलेल्या गोष्टींची किंमत वेगळी धरायची आहे. 'ट्रीज अँड प्लांट्स' म्हणजे झाडे आणि रोपे यांचे मोल ठरवायला जिल्हाधिकारी शेती, वनशास्त्र, फळबाग यांतल्या जाणकारांची मदत घेऊ शकतात, असे एकोणतिसाव्या कलमात लिहिले आहे. म्हणजे मोठ्या प्लांटच्या फाइलीत छोट्या प्लांटचाही रकाना आहे. पण मोजणीच्या दिवशी घरचे कुणी हजर नसेल तर तो रकाना कसा भरला जाईल याची खात्री कुणी द्यावी?

म्हणून संयुक्त मोजणीची नोटीस आली की आधी स्वतः वाडीत फिरा. चिकू किती, नारळ किती, आंबा किती, प्रत्येकाचे वय अंदाजे किती, फळ धरते की नाही, हे वहीत उतरवून ठेवा. यंदा लावलेली कोवळी कलमेही मोजा, ती गवतात दिसत नाहीत. उभे पीक असेल तर त्याची नोंद वेगळी मागा. विहीर, कुंपण, पाइप, गोबरगॅसचा खड्डा सोडू नका. घरातल्या बायकांना बरोबर घ्या, कुठल्या झाडाला यंदा किती फळ आले ते त्यांना नेमके सांगता येते. मग पंचनामा वाचून दाखवायला सांगा, आपल्या वहीशी ताडून बघा, आणि फरक असेल तर सही करण्याआधी तो लेखी नोंदवा. त्या पंचनाम्याची एक प्रत मागून घ्या आणि सातबाऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवा.